चोळी-बांगडीच्या शेताची बाग

बागेचा नाद कुणालाही लागावा, वकिलाला लागू नये. साधा माणूस चार गुलाब लावतो, पाणी घालतो आणि गप्प बसतो. आमच्या आप्पांना बाग हवीशी वाटली तेव्हा त्यांनी आधी कायद्याचं पुस्तक उघडलं.

आमचं बिऱ्हाड बेळगावात होतं आणि आप्पांची वकिली बरी चालायची. कॅम्पातल्या एका गोऱ्या साहेबाकडे ते कसल्याशा कामाला गेले आणि त्याच्या बंगल्यापुढची हिरवळ, मधलं कारंजं आणि वेताच्या खुर्च्या पाहून आले. त्या दिवसापासून त्यांना घरात कोंडल्यासारखं व्हायला लागलं. जेवताना हिरवळ, पान खाताना हिरवळ. पण बागेला जागा लागते, आणि जागा होती ती आईची.

हिंडलग्याच्या पलीकडे आईचं माहेर. आजोबांनी सडकेला लागून असलेलं भाताचं एक शेत लग्नात तिला चोळी-बांगडीला म्हणून दिलं होतं. आमच्याकडे ही रीत होती. लेकीला चोळी-बांगडीपुरतं तरी नवऱ्यापुढे हात पसरावा लागू नये, म्हणून बाप एखादा तुकडा तिच्या नावावर करून द्यायचा. शेत लेकीचं, कसायचं मात्र भावानं, आणि पिकेल ते तिच्या दारात नेऊन टाकायचं. आजोबा गेल्यावर मामा ते बिनचूक करत होता. मळणी उरकली की त्याची बैलगाडी आमच्या दाराशी लागायची, पोती उतरायची आणि त्याच रिकाम्या गाडीत बसून आई आठ-पंधरा दिवस माहेरी जायची. उठली आणि निघाली, असं त्या वेळच्या बायकांचं नव्हतं. माहेराहून कुणी न्यायला आलं तरच जाणं व्हायचं. भाताची गाडी हीच आईची माहेरची वाट होती. हे आम्हा पोरींनाही कळत होतं, पण एवढा कायदा शिकलेल्या माणसाला कळलं नाही.

नुसती चिकू-पेरूची बाग केली असती तर कुणाला विचारायला नको होतं, कारण ती शेतीच. आप्पांना हिरवळ हवी होती, कारंजं हवं होतं, बसायला घुमटी आणि भोवतीनं चिऱ्याची भिंत हवी होती. ही झाली हौस, आणि शेतजमिनीवर हौस करायची तर कलेक्टरची बिनशेती परवानगी लागायची. दुसऱ्या कुणी गुपचूप करून टाकलं असतं. आप्पा म्हणाले, "वकिलानंच नियम मोडला तर पक्षकारांनी काय करायचं?"

आई म्हणाली, "माझ्या भावाला एकदा इचारूया की."

"जमीन तुझ्या नावावर आहे. त्याला काय विचारायचं?"

कायद्यानं ते बरोबरच होते. आप्पा नेहमी कायद्यानं बरोबर असत, आणि त्यामुळे त्यांच्याशी भांडायची सोय नव्हती. अर्ज त्यांनीच लिहिला. आईला सही करायला त्यांनीच हौसेनं शिकवलं होतं. ती सही पहिल्यांदा या अर्जावर कामी आली.

अर्ज वर गेला आणि रीतीप्रमाणे खाली मामलेदाराकडे आला. मग गावच्या चावडीवर नोटीस लागली, की अमुक शेताची बाग करण्याचं योजलं आहे, कुणाची हरकत असल्यास कळवावी. मामाला वाचता येत नव्हतं. गावातल्या कुणीतरी त्याला ती वाचून दाखवली. सख्ख्या बहिणीचा बेत भावाला चावडीच्या भिंतीवरून कळला. अख्ख्या गावासमोर कळला. त्याच्या जिवाला काय वाटलं असेल ते मला आता कळतं.

पण मामाही काही कमी नव्हता. तापट तर आजोबांच्या वरताण. आमच्या ओट्यावर येऊन त्यानं आप्पांना चार शिव्या घातल्या असत्या तर संध्याकाळपर्यंत मिटलं असतं. तो गेला कचेरीत. दुसऱ्याकडून हरकत लिहून घेतली आणि खाली अंगठा उठवला. त्यात म्हणणं एवढंच, की हे शेत बापानं बहिणीच्या पोटाला दिलं आहे, मेव्हण्याच्या हौसेला नव्हे.

सुनावणीची तारीख लागली तसे आप्पा खुशीत आले. म्हणाले, "सोपं आहे. तो म्हणतो शेत बहिणीच्या पोटाला दिलंय. तू सांगायचं, मला या भाताची गरज नाही. एवढं बोललीस की त्याच्या हरकतीत जीवच राहत नाही." एखाद्या साक्षीदाराला पढवावं तसं त्यांनी तिला ते दोन-चारदा म्हणायला लावलं. आई भाकऱ्या थापता थापता म्हणत होती. माझ्या कानाला तेव्हाच ते कसंतरीच लागलं होतं. भावाच्या घरून आलेल्या धान्याची गरज नाही, असं कुठली बहीण बोलते? पण माझं वय तेव्हा बारा-तेरा. मला कोण विचारतं?

आईला सोबत म्हणून कचेरीत मला नेलं. मामा आधीच येऊन भिंतीशी उभा होता, धुतलेला पटका बांधून. आईनं त्याला पाहिलं आणि ती सगळं विसरून म्हणाली, "जेवून आलास काय रं?"

"व्हय आक्का," मामा म्हणाला. मग दोघांनाही आपण कशासाठी आलोय ते आठवलं असावं. दोघं दोन बाजूंना झाले.

मामलेदार धारवाडकडचे, समजूतदार गृहस्थ होते. त्यांनी आईला बसायला सांगितलं. ती बसली नाही. ते म्हणाले, "बाई, हे शेत वडिलांनी तुमच्या पोटासाठी दिलंय असं भावाचं म्हणणं आहे. तुमचं काय म्हणणं?"

आईनं आप्पांकडे पाहिलं. डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि खाली बघून म्हणाली, "मला ह्या भाताची गरज न्हाय."

कारकुनानं लिहून घेतलं. मामा पुढे आला. "काय म्हणालीस, आक्का?"

मामलेदारांनी त्याला विचारलं, आणखी काही सांगायचंय का.

"न्हाय सायेब. तिला गरज न्हाय म्हंजे मिटलं. माझी हरकत मी काढून घेतो." त्यानं दाखवतील तिथं अंगठा दिला आणि तो पायऱ्या उतरून गेला. "अरं, थांब की," आई म्हणाली, पण कचेरीत मोठ्यानं हाक मारायची तिला लाज वाटली.

टांग्यात आप्पा म्हणाले, "बघितलंस? एका वाक्यात निकाल." मला आजही त्या वाक्याचा राग येतो, आणि बोलणारीपेक्षा पढवणाऱ्याचा जास्त येतो.

परवानगी आली, बांध फोडले, भिंत उठली. कारंजं थोडे दिवस उडलं आणि मग नुसतं गळायला लागलं. भाताच्या खाचरानं मात्र आपला धर्म सोडला नाही. पावसाळ्यात हिरवळीवर घोटाभर पाणी साठलं आणि आप्पांचे वकील मित्र चहाचे पेले हातात घेऊन बेडकांचं गाणं ऐकत बसले. आई तिथं एकदाच आली. घुमटीत उभं राहिलं की भिंतीवरून तिच्या माहेरची कौलं दिसायची. मी म्हटलं, "चल की, जाऊन येऊ." ती म्हणाली, "बोलावल्याबगर कसं जायचं गं?"

सुगी झाली. गाडी आली नाही. भातच नव्हतं तर गाडी कशाला येईल? आप्पा वाईट नव्हते. आईचा उतरलेला चेहरा त्यांना दिसला, आणि त्यांनी बाजारातून उत्तम बासमती आणून दिला. भाऊबीजेला आईनं ताट तयार ठेवलं, मामा आला नाही. ज्यांना भाऊ नाही त्या बायका चंद्राला ओवाळतात. आईला भाऊ होता, त्यामुळे तिला तेही करता येईना. निरांजन विझेपर्यंत ती तशीच बसून राहिली. मला मामाचा इतका संताप आला, की तो समोर असता तर मी त्याला बोलले असते.

पुढच्या वर्षी आमच्याकडे दूध घालणाऱ्या बाईनं बातमी आणली. ती मामाच्याच गावची. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मामीला दिवस राहिले होते. मामीसाठी आईनं किती देवांना नवस केले होते ते मला ठाऊक आहे. ती एकदम बदलली. जुन्या पैठणीचा काठ उसवून तिनं कुंची शिवायला घेतली. आप्पा म्हणाले, "मी टांगा करून देतो, तू जाऊन ये."

"टांगा नको. बारशाला तर न्यायला येतीलच. पोराच्या कानात नाव आत्यानं सांगायचं असतं. माझ्याबगर कोण सांगणार हाय?"

मुलगा झाल्याचंही दूधवालीनंच सांगितलं. बाराव्या दिवशी आई सकाळीच न्हाली, इरकली लुगडं नेसली आणि कुंची मांडीवर घेऊन बाहेरच्या सोप्यात बसली. दिवस कलला तेव्हा ती उठून भाकरी करायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी दूधवाली आली. बारसं थाटात झालं, म्हणाली. शेजारची एक बाई आत्या म्हणून उभी केली होती. एवढं बोलून ती बिचारी खाली मान घालून दूध मापायला लागली.

आईनं पातेलं पुढे धरलं आणि विचारलं, "नाव काय ठेवलं?"

भावाच्या मुलाचं नाव माझ्या आईला दूधवालीनं सांगितलं.