पूनमचे दादा जे म्हणालेच नव्हते

हे मी आमच्या ह्यांनाही सांगितलेलं नाही. आणि ह्यांना मी सगळं सांगते — दुधात पाणी किती होतं इथपासून शाळेत कोण कोणाशी बोलत नाही इथपर्यंत. धारला माहेरी गेले की आईपाशी बोलते, मग बहिणीपाशी तेच पुन्हा बोलते. बोलणं हा माझा धंदाच आहे म्हणा ना. पण ही एक गोष्ट ओठाशी आली की मी उठून चहा टाकते. मग तुम्हाला का सांगते आहे? तुमचं तोंड मला दिसत नाही म्हणून असेल. सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये.

मी देवासच्या एका हिंदी शाळेत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. मुलांच्या मनाची काळजी कशी घ्यावी, कोणालाही मागे कसं ठेवू नये, याचं एक प्रशिक्षण इंदूरला होतं. तिथं मला पाठवलं, कारण बाकीच्यांच्या घरी लग्नं होती. गेले ती बाई, परत आले ती तज्ज्ञ. शाळेनं प्रयोगशाळेमागची अडगळीची खोली मला दिली. मुलांनी बरण्या हलवल्या, जाळी काढली, दारावर ‘अपनी बात’ असं रंगवलं. ज्याला रडायचं असेल, भांडायचं असेल, नुसतं गप्प बसायचं असेल, त्यानं तिथं यावं. मुलं यायची. खरंच यायची. हे मी बढाई म्हणून सांगत नाही — म्हणजे थोडी बढाई आहेच.

आणि एक नियम मी केला होता. सकाळच्या प्रार्थनेनंतर माईकवर ‘आज का विचार’ बोलायला आधी नेहमी तीच ती चार गोड गळ्याची मुलं असायची. मी म्हटलं, नाही. हजेरीच्या क्रमानं प्रत्येकाची पाळी येईल. हुशार, ढ, लाजरा, तिरळा, कोणीही सुटणार नाही. नियम माझा होता, हे ध्यानात ठेवा.

पूनम अकरावीत होती. बोलताना अडखळायची. थोडंथोडकं नाही — स्वतःच्या नावाचा पहिला ‘प’ ओठांवर आला की तिथंच रुतायचा, मान ताणली जायची, डोळे मिटायचे. मुलं तिला ‘हकली’ म्हणायची. हजेरीला ती ‘यस मॅम’ऐवजी हात वर करायची, आणि बरेच शिक्षक वर न बघता गैरहजेरी मांडून मोकळे व्हायचे.

ती मराठी आहे हे मला शाळेत कळलंच नव्हतं. कळलं ते आमच्या मराठी मंडळींच्या गणपतीत. आरती चालली होती आणि माझ्या बाजूला एक मुलगी खणखणीत म्हणत होती, एक अक्षर न अडखळता. वळून बघते तर पूनम. टाळ्या वाजवत, मान डोलावत, सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून. पलीकडे तिचे वडील उभे होते. त्यांना ती दादा म्हणायची, आमच्या भागातल्या जुन्या चालीनं. बाजारात त्यांना सगळे इकडच्या बोलीत रामू भिया, म्हणजे भैया, म्हणतात. मंडईतून दुकानांना माल पोचवणारी लोडिंग रिक्षा चालवतात. त्यांचे पणजोबा संस्थानच्या पागेत होते आणि माझ्या माहेरचे धारच्या दफ्तरात. म्हणून ते मला अजून बाईसाहेब म्हणतात. मी कधी नको म्हटलं नाही.

त्या दिवसापासून पूनम माझ्या खोलीत येऊ लागली. दार लावलं की आम्ही मराठीत बोलायचो. बाहेर मी मॅडम, आत मी काकू. मराठीत तिची जीभ जरा सैल सुटायची — घरची भाषा, हसणारं कोणी नाही. मी तिला शिकवलं, वाक्य सुरू करण्याआधी आरतीचा ठेका मनात धर, बोटानं मांडीवर ताल दे, मग शब्द सोड. पावसाळा गेला, दिवाळी गेली. थंडीत कधीतरी एका दुपारी तिनं ‘मेरा नाम पूनम है’ हे एका दमात म्हटलं, आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या हसलो. ते हसू खरं होतं. मी तिच्यावर माया केली, हे खोटं नाही. म्हणूनच पुढचं जास्त वाईट आहे.

तिची पाळी जवळ आली तशी ती स्वतःहून तयारीला लागली. विचार तिनं पुस्तकातून घेतला नव्हता. रिक्षा बंद पडली की तिचे दादा म्हणायचे तेच ती माईकवर म्हणणार होती — ‘गाड़ी रुक जाए तो गाली नहीं, धक्का दीजिए।’ आणि पुढं, हे मला माझ्या वडिलांनी शिकवलं, असं एक वाक्य. खोलीत ते तिनं मला कितीदा म्हणून दाखवलं. ‘धक्का’च्या ‘ध’वर कधी थांबायची, कधी नाही. थांबली तर थांबली, असं मीच तिला सांगत होते. मीच.

आणि मग पाहुण्यांचं ठरलं. आमचा उपक्रम — माझा उपक्रम — बघायला भोपाळहून साहेब मंडळी येणार होती. कोणालाही मागे न ठेवणारी शाळा कशी असते ते बघायला. ज्या सकाळी ते येणार होते, त्याच सकाळी हजेरीच्या क्रमानं पूनमची पाळी होती. याहून चांगलं काय असतं, तुम्हीच सांगा? दाखवायला हवं होतं ते नेमकं त्या दिवशी माईकपाशी उभं राहणार होतं.

प्राचार्य सर आदल्या दिवशी एवढंच म्हणाले, “कल कोई गड़बड़ न हो, आप देख लीजिएगा।” पूनमचं नाव त्यांनी काढलं नव्हतं. बहुतेक त्यांना ते ठाऊकही नव्हतं. नाव माझ्या मनात आलं. मला ती माईकपाशी दिसली — मान ताणलेली, डोळे मिटलेले, पटांगणात शांतता, मागून कोणाचं तरी फिस्सकन हसू, आणि साहेबांनी घड्याळाकडे टाकलेली नजर. तिची कीव आली म्हणू? नाही. मला माझी लाज वाटली. एवढी मेहनत घेऊन हेच का शिकवलं, असं ते म्हणतील, याचीच भीती होती. मी एका डॉक्टरांच्या मुलीला बोलावलं, पाळी नसताना, आणि तिला म्हटलं, बेटा, कल तुम बोल देना.

एवढ्यावर थांबले असते तर हा नुसता भित्रेपणा झाला असता. भित्री माणसं जगात पुष्कळ आहेत.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत पूनमचे दादा शाळेत आले. रिक्षा फाटकाबाहेर लावून, हात रुमालाला पुसत. मी त्यांना व्हरांड्यातच गाठलं. बसा म्हटलं नाही. ते हळूच म्हणाले, “बाईसाहेब, उद्या पूनमचा नंबर आहे ना? मी गेटच्या साईडला उभा राहून ऐकलं तर चालेल का? तिला पता पण नाही लागणार. मला बघितलं तर अटकून जाईल ती.”

मी काय केलं? म्हटलं, उद्या पाहुणे येणार म्हणून तिची पाळी पुढं ढकलली आहे. तुम्ही येऊ नका. आणि — हे मी माझ्या तज्ज्ञ आवाजात म्हटलं — घरी तिच्याशी हा विषयच काढू नका, मुलीच्या मनावर ताण येतो. ते लगेच हो म्हणाले. शिकलेल्या बाईनं सांगितलं म्हणजे तसंच असणार. जाताना हात जोडले.

पूनमनं वर्गाच्या खिडकीतून त्यांची रिक्षा पाहिली होती. शाळा सुटल्यावर ती खोलीत आली, खुशीत. उद्या केसांना कोणती रिबीन लावू, असं काहीतरी विचारायला. मला तिला सांगायचं होतं की उद्या तू बोलणार नाहीस. का, असं ती विचारणारच होती. आणि मी दार लावून घेतलं आणि मराठीत म्हणाले —

थांबा. इथंच मी दर वेळी चहा टाकते.

मी म्हणाले, “पूनम, तुझे दादा आले होते गं. तेच म्हणाले, पोरीला माईकवर उभी करू नका, चार लोकांत हसू होईल.”

सांगितलं मी. हे असं होतं.

हिंदीत म्हटलं असतं तर कदाचित तिनं विश्वास ठेवला नसता. हिंदीत तिला पुष्कळ जण पुष्कळ काही म्हणायचे. पण त्या खोलीत मराठीत तिच्याशी कोणी कधी खोटं बोललं नव्हतं. रिक्षा तिनं डोळ्यांनी पाहिली होती. तिचं बोट मांडीवर तालात हलत होतं, जरा वेळ तसंच हललं, मग थांबलं. मी वर आणखी म्हटलं, दादांना विचारू नकोस हं, त्यांना वाईट वाटेल. दोन्हीकडून कडी लावून घेतली मी. पुरती घट्ट.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची मुलगी छान बोलली. साहेबांनी ‘अपनी बात’ची खोली पाहिली, दारावरच्या अक्षरांचा फोटो काढला. पुढच्या शिक्षक दिनाला मला शाल-श्रीफळ मिळालं. नारळाची मी बर्फी केली आणि खोलीत येणाऱ्या मुलांना वाटली. पूनमनंही एक वडी घेतली.

एवढ्यानं संपलं असतं का? ती माझ्याकडे येतच राहिली ना. दुसरं कोण होतं तिला? पाहुणे येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी एक दिवस ती अडखळत अडखळत म्हणाली, “काकू, द-द-दादांना माझी शरम वाटते.” आणि रडली. मी तिला जवळ घेतलं. पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, अगं, बाप आहे तो, काळजीपोटी बोलले असतील, मनात ठेवू नको, माफ कर त्यांना. जखम मी केली आणि मलमपट्टीही मीच करत बसले. वर त्या बिचाऱ्या माणसाला माफीही मीच मिळवून देत होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण — ही म्हण मी दुसऱ्यांसाठी किती सहज वापरते.

त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. माझी जीभ तर अडखळत नाही.

पुढं क्रमानं तिची पाळी पुन्हा आली. तिनं नुसती मान हलवली. मी आग्रह केला नाही. नियम होता कोणालाही न सोडण्याचा — मी म्हटलं, मुलीच्या इच्छेचा मान राखला पाहिजे. प्रशिक्षणात तेही शिकवलं होतं.

पूनम बारावी झाली, औषधनिर्माणाचा डिप्लोमा केला, आता पीथमपूरच्या एका कारखान्यात गोळ्यांची तपासणी करते. तिथंच खोली घेऊन राहते. देवास लांब नाही, पण येणं फारसं नाही. हे मला मागच्या गणपतीत कळलं, तिच्या दादांकडून.

आरती झाली होती. ते प्रसाद वाटत होते, केस पिकलेले, पाठ जरा वाकलेली. माझ्यापाशी आले, हातावर खोबऱ्याची वडी ठेवली आणि तिथंच घुटमळले. म्हणाले, “पूनम आईशी फोनवर बोलते. मी फोन घेतला की ‘हो’, ‘बरं’, बस. पहले पहले मला वाटलं, बोलताना त्रास होतो म्हणून असेल. पण आईशी तर बोलते. अकरावीपासूनच हे असं झालं, बाईसाहेब. माझ्याकडून काही गलती झाली असेल, पण काय झाली ते मला अजून समजत नाही. तुमच्यापाशी ती मन मोकळं करायची. तुम्हाला कधी काही बोलली होती का माझ्याबद्दल?”

लोक चपला शोधत होते. मागे कोणीतरी पोरांना ओरडत होतं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले होते की संधी मिळाली तर सांगेन. ती समोर उभी होती, हातात प्रसादाचं ताट घेऊन, मला बाईसाहेब म्हणत.

मी म्हटलं, “नाही हो. काहीच नाही बोलली.”

ते म्हणाले, बरं. म्हणाले, तुम्ही तिला फार सांभाळलंत, तुमचे उपकार आहेत. आणि ताट घेऊन पुढच्या माणसाकडे वळले. मी ती वडी तिथंच उभ्या उभ्या खाल्ली.