झाकणातल्या रिंगा

कामोठ्याला आम्ही दोघी जावा डबे पुरवायचो. कळंबोलीच्या लोखंड बाजारातलं माझ्या नवऱ्याचं काम सुटलं, तेव्हा मोठ्या जाऊबाईंनीच हे काढलं. स्वयंपाक त्यांचा, डबे माझ्याकडे. आमटीच्या डब्यांच्या झाकणात रबराची रिंग असायची. ती रोज चमच्याच्या टोकानं काढायची, सोड्याच्या गरम पाण्यात टाकायची, झाकणाची खाच ब्रशनं घासायची, मग सगळं गच्चीवर उन्हात. चिरलेली किंवा सैल पडलेली रिंग बाद. जाऊबाई कर्नाळ्याकडच्या गावातल्या. म्हणायच्या, "नुसतं बघून काय कळत नाय. वास घे."

एका उन्हाळ्यात आठवडाभर नळाला पाणी नव्हतं. टँकरवर भांडून दोन हंडे मिळायचे. तीन दिवस मी रिंगा काढल्याच नाहीत. वरून डबे लख्ख दिसत होते.

"रिंगा काढल्यास?" जाऊबाईंनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

पलीकडच्या इमारतीत एक निवृत्त गुरुजी एकटेच राहायचे. आमचाच डबा अर्धा दुपारी, अर्धा संध्याकाळी खायचे आणि विसळून परत द्यायचे. त्यांना उलट्या-जुलाब सुरू झाले, दवाखान्यात ठेवावं लागलं. नाशिकहून त्यांची मुलगी आली. दोन दिवसांनी ती डबा घेऊन आमच्या दारात उभी राहिली. शेजारीपाजारी जमले. सगळ्यांसमोर तिनं केसातल्या पिनेनं रिंग उचकटली. खाली काळी, बुळबुळीत रेघ होती.

"हे खायला घालत होतात माझ्या बाबांना?"

मी बोलणारच होते, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. खरं म्हणजे मी दारामागे सरकले.

जाऊबाई पुढे झाल्या. "डबे मीच धुते. चूक माझी हाय. हिला काय ठाऊक नाय."

गुरुजी घरी आले ते पार खंगून. मुलगी त्यांना नाशिकला घेऊन गेली. जायचं त्यांच्या मनात नव्हतं. रिक्षात बसताना आम्हाला बघून त्यांनी हात जोडले. दिवाळीच्या सुमारास ते गेल्याचं कळलं. त्या आठवड्यात टँकरच्या पाण्यानं बरेच जण आजारी पडले होते, डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नव्हतं. पण ती काळी रेघ मी पाहिली होती.

त्यानंतर मी सगळ्या रिंगा नव्या आणल्या, झाकणं उकळून काढली, एकेक डबा दोनदोनदा तपासला. उपयोग झाला नाही. एकेक गिऱ्हाईक तुटलं आणि डबे बंद पडले. जाऊबाईंच्या हातचं नको, असं लोक उघड बोलायचे. त्या पनवेलला एका लग्नाच्या हॉलवर भांडी घासायला जाऊ लागल्या. त्यांच्या बोटांना भेगा पडल्या.

एकदा भेगांना तेल लावून देताना मी म्हटलं, "ताई, त्या दिवशी मी खोटं बोलले होते."

"ठाऊक हाय. तेव्हाच कळलं होतं."

"मग तुम्ही का अंगावर घेतलंत?"

"तुझी पोरं लहान. तुझं नाव गेलं असतं, तर तुला कोणी कामाला ठेवलं असतं?" त्यांनी हात सोडवून घेतला. बसची वेळ झाली होती.

पुढे मला एका पाळणाघरात स्वयंपाकाचं काम मिळालं. तिथं मी कुणाला काही सांगितलं नाही. माझ्या दसपट चांगला स्वयंपाक करणाऱ्या जाऊबाईंना मात्र पुन्हा कुणी गॅसजवळ उभं केलं नाही. गुडघे गेले तोवर त्या भांडीच घासत राहिल्या.