कुमुदवहिनींचा फिका चहा

दादाचा फोन आला तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि मी ऑफिसात होतो. "कुमुद बोलत नाहीये," एवढंच तो म्हणाला. मग, "तू ये." टावर चौकातल्या माझ्या ऑफिसापासून दादाचं घर स्कूटरनं सात मिनिटांवर आहे. हे मला पक्कं माहीत आहे, कारण गेली कित्येक वर्षं आठवड्यातून तीनदा तरी मी त्या रस्त्यानं जातो. त्या दिवशी किती मिनिटं लागली ते मी पाहिलं नाही. मी पोहोचलो तेव्हा डॉक्टर हात पुसत होते आणि दादा त्यांना, पाहुण्याला विचारावं तसं, "बसा ना," म्हणत होता... त्याला आज सात आठवडे झाले.

कुमुदवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. त्यांचा जन्म उज्जैनचा, लग्न उज्जैनमध्ये, नोकरीही इथेच. मुलींच्या शाळेत तीस वर्षं गृहविज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या. पण या पुरवणीच्या वाचकांपैकी काहींना त्या वेगळ्याच कारणानं माहीत असतील. देशभरातून येणारे सुट्या पानांचे, वेगवेगळ्या स्वादांचे चहा त्या चाखायच्या आणि त्यांच्यावर मराठीत छोटी परीक्षणं लिहून फोनवरून लोकांना पाठवायच्या. सुरुवात अगदी साधी होती. पुण्याच्या भाचीनं संत्र्याची साल आणि दालचिनी घातलेल्या चहाचं पाकीट भेट पाठवलं. वहिनींनी "मिळाला, छान आहे" असं कळवायच्या ऐवजी तिला दोन पानी पत्र लिहिलं. भाचीनं ते मैत्रिणींना दाखवलं. त्यांतल्या एकीनं स्वतः बनवलेला गुलाब-बडीशेपेचा चहा अभिप्रायासाठी पाठवला, आणि मग पाकिटं येतच राहिली.

चाखायचे दिवस आठवड्यातून तीन, वेळ दुपारी चारची, माझ्या ऑफिसच्या चहाच्या सुट्टीत. मी तिथे शिरलो तो वजनकाट्याच्या निमित्तानं. वहिनी चमच्यानं पत्ती मोजत होत्या. मला ते पाहवेना. एका चहाची पानं मोठी आणि फुगीर, दुसऱ्याची बारीक, मग दोन्हीचा चमचा सारखा कसा? मी ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा काटा आणून दिला. अडीच ग्रॅम पत्ती, दीडशे मिलिलिटर पाणी, घड्याळ माझ्या हातात. वहिनी हसायच्या. "भाऊजी, तुम्ही चहा पिऊन राहिले की दवा बनवून राहिले?" आमच्या उज्जैनची मराठी अशीच आहे. तिच्यात अर्धी हिंदी कधी मिसळली ते आम्हाला आठवत नाही. वहिनी तर चहाला स्त्रीलिंगी करून टाकायच्या. "चहा झाली, या," अशी हाक यायची. भाची फोनवर त्यांना टोकायची. त्यावर त्या म्हणायच्या, "तुझ्या पुण्यात तो असेल, माझ्या स्वयंपाकघरात ती आहे. बायको नवऱ्याच्या गावी गेली की नाव बदलते, चहाचं लिंग बदललं तर काय झालं?" लिहिताना मात्र त्या सांभाळून लिहायच्या.

चाखायची त्यांची पद्धत आमच्या घरात कुणालाच रुचली नव्हती. पांढऱ्या वाटीतला चहा चमच्यात घेऊन त्या मोठ्ठा भुरका मारायच्या. पहिल्यांदा तो आवाज ऐकून दादा बाहेरच्या खोलीतून आला होता. "काय, ठसका लागला का?" वहिनींनी मान हलवली, घोट तोंडात घोळवला, गिळला आणि मग शांतपणे म्हणाल्या, "तीस वर्षं मुलींना शिकवलं, खाताना आवाज करू नये. चूक शिकवलं. आवाज केल्याशिवाय वास नाकात मागून येतच नाही." नंतर मीही भुरके मारू लागलो. मला त्यातून फारसं काही कळायचं नाही. मी म्हणायचो, "कडवट. सहा मार्क." त्या म्हणायच्या, "भाऊजी, चहा काही बोर्डाच्या परीक्षेला बसली नाहीये. कडवट म्हणजे कशासारखी? कारल्यासारखी की मेथीसारखी?" मी पुन्हा घड्याळाकडे बघायचो. पण त्यांनी विचारणं सोडलं नाही, आणि चारची वेळ मीही कधी चुकवली नाही.

वहिनी वहीत हातानं लिहायच्या आणि मी ते फोनवर टंकून यादीतल्या चारशेहून थोड्या अधिक नंबरांना पाठवायचो. इथे माझा हिशेबी स्वभाव आड आला. मजकूर लांबला की फोन तो मध्येच तोडतो आणि खाली "पुढे वाचा" दाखवतो. पुढे कोण वाचतं? मी मोजून पाहिलं, साठ शब्दांपर्यंत सगळं एका नजरेत दिसतं. म्हणून साठची मर्यादा घातली. वहिनी ऐंशी-नव्वद लिहायच्या, मी कापायचो. पाठवण्यापूर्वी त्यांना दाखवायचो. त्या चष्म्यातून बघून म्हणायच्या, "ठीक आहे. जान निघून गेली, पण ठीक आहे."

चार वर्षांपूर्वी सावंतवाडीकडच्या एका गावातून वृंदाताई नावाच्या बाईंनी पाकीट पाठवलं. निलगिरी पर्वतातल्या चहाची पानं आणि वाळवलेली जायफळाची साल. जायफळ काढून घेतल्यावर वरचं जाड टरफल कोकणात बरंचसं फेकलंच जातं. त्यांनी ते वाळवून, बारीक चिरून चहात मिसळलं होतं. त्यांनी बनवलेला हा पहिलाच चहा होता. वहिनींनी तो तीन दिवस चाखला. साखर घालून, साखरेशिवाय, तीन मिनिटं, चार मिनिटं. तिसऱ्या दिवशी वाटी खाली ठेवून त्यांनी पाकिटावरचं नाव पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, "ही बाई शिकली नाहीये कुठे. हिला येतं."

त्यांनी लिहिलेलं मला आज पाठ आहे. "साखर घातली तर काढा होतो. म्हणून हा चहा अगदी फिकाच प्यावा. मग चौथ्या घोटाला जायफळ घशात मागून येतं, दुपारी निजलेल्या घरात कुणी हळूच पाऊल टाकावं तसं." एकूण शब्द सत्याऐंशी झाले होते. मी कापाकापी केली. पाऊल गेलं, घर गेलं, काढाही गेला. उरलं ते असं: "चहा फिका. जायफळ चौथ्या घोटाला लागतं." वहिनींनी वाचलं. मी पुन्हा वाचलं. आम्हा दोघांनाही त्यात काही खटकलं नाही. खटकणार कसं? टावर चौकातल्या कुठल्याही टपरीवर "एक फीकी" म्हणा, बिनसाखरेचा चहा समोर येतो. आमच्या घरात, शेजारी, ऑफिसात फिका म्हणजे बिनसाखरेचा. दुसरा अर्थ आमच्या डोक्यात आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी वृंदाताईंचा निरोप आला. "ताई, मनापासून केलेल्या चहाला तुम्ही फिका म्हणालात. तुम्ही म्हणता म्हणजे खरंच असेल. यापुढे करणार नाही." वहिनी गोंधळल्या. "फिकाच तर आहे. मग राग कशाचा?" संध्याकाळी भाचीला फोन लावला तेव्हा उलगडा झाला. "अगं मामी, फिका म्हणजे पाणचट. चवच नाही असा. आणि वर जायफळ चौथ्या घोटाला लागतं म्हणालीस." वहिनी आधी हसल्या. मग हसू थांबलं आणि त्या पदराशी चाळा करत बसल्या. मी म्हणालो, "चूक माझी आहे, मी कापलं. तसं लिहून पाठवतो." त्या म्हणाल्या, "वर नाव कुणाचं असतं? माझं. मग चूक पण माझीच."

दुरुस्ती त्यांच्याच नावानं गेली, सगळ्या चारशे नंबरांना: फिका म्हणजे बिनसाखरेचा, हा चहा तसाच उत्तम. पुढच्या परीक्षणांची साठची मर्यादा मी त्या दिवशी मोडली, पण उशीर झाला होता. वृंदाताईंचं उत्तर आलं नाही. वहिनींनी त्यांना हातानं पत्र लिहिलं. पुढच्या वर्षी जायफळं उतरायच्या दिवसांत पुन्हा लिहिलं, त्याच्या पुढच्या वर्षीही. "यंदा करताय का?" एवढाच मजकूर, मग कोकणातल्या हवेची चौकशी. उत्तर नाही. मी एकदा म्हणालो, मी फोन करतो. "नको," त्या म्हणाल्या. "तिला वाटेल, बाई स्वतः बोलू शकत नाही म्हणून दिराला पुढे करून राहिली." त्यानंतर त्यांनी शेकड्यानं चहा चाखले असतील. पण कुणी चांगला चहा पाठवला की त्या चमचा खाली ठेवून म्हणायच्या, "त्या बाईनं करायला पाहिजे होती, यार." माझ्याकडे बघून त्या हे कधीच म्हणाल्या नाहीत. मला ते जास्त लागायचं.

तेरावं झाल्यावर मी यादीतल्या सगळ्यांना कळवलं, की वहिनी गेल्या, परीक्षणं थांबली. तिसऱ्या दिवशी यादीतल्याच एका नंबरावरून फोन आला. "मी वृंदा बोलतेय, सावंतवाडीकडून." मग म्हणाल्या, "त्यांची तिन्ही पत्रं माझ्याकडे आहेत. पहिलं आलं तेव्हा राग होता. दुसरं आलं तेव्हा एकदा साखर न घालता करून प्यायले. त्या म्हणत होत्या ते खरं होतं. मग लाज वाटली. लिहीन लिहीन म्हणत राहिले..."

मी त्यांना सांगितलं की ते शब्द वहिनींचे नव्हते, मी कापलेले होते. त्यांनी विचारलं, "मग त्यांनी काय लिहिलं होतं?" वहिनींची वही उघडून मी त्यांना सगळं वाचून दाखवलं, सत्याऐंशीच्या सत्याऐंशी शब्द, मध्ये न थांबता. वाचून झालं. त्यांनी नाक ओढून विचारलं, "त्या किती मिनिटं ठेवायच्या?"

"चार."

"मी पाच ठेवायचे. तरीच थोडा कडवट व्हायचा."

गेल्या सोमवारी पाकीट आलं. दुपारी मी दादाकडे गेलो. दादानं आयुष्यात साखरेशिवाय चहा प्यायलेला नाही. वहिनी असताना तो या वाट्यांच्या वाटेला जायचा नाही. त्या दिवशी तो आपणहून टेबलाशी येऊन बसला. मी अडीच ग्रॅम मोजले, चार मिनिटं धरली, वाटी त्याच्यापुढे ठेवली. पाकिटावर वृंदाताईंच्या हातची चिठ्ठी चिकटवलेली होती. दादानं चष्मा लावून ती मोठ्यानं वाचली: "जायफळ-सालीचा चहा. फिकाच प्यावा. उज्जैनला फिका म्हणजे बिनसाखरेचा." वाचून त्यानं चष्मा काढला, चमचा उचलला आणि मोठ्ठा भुरका मारला.