दर सिनेमात मरणारे वॉल्टर साहेब

शिवणकाम करणाऱ्या बाईच्या अंगावर दोऱ्याचे तुकडे चिकटलेले असतातच. कितीही झटकले तरी एखादा राहतो. किस्स्यांचं तसंच आहे. दहावीनंतर डोंबिवलीत केलेल्या शिवणक्लासच्या जोरावर मी दुबईत जाहिरातींच्या एका छोट्या शूटिंग युनिटमध्ये कपडेपट सांभाळायची. शूटिंग म्हणजे काम थोडं आणि थांबणं फार. थांबलेली माणसं बोलत बसतात, आणि बोललेलं अंगाला चिकटतं.

माझ्या अंगावरचे बरेचसे तुकडे एकाच माणसाचे आहेत. वॉल्टर साहेबांचे.

वॉल्टर साहेब अमेरिकन सिनेमातले नट. पोस्टरवर त्यांचा चेहरा कधी आला नाही, पण बघणाऱ्याला वाटायचं, 'याला कुठेतरी पाहिलंय!' सत्तरीला टेकलेले, उंच, आणि खूप हळू बोलणारे. सगळे मला 'ताई' म्हणतात हे ऐकून त्यांना ते माझं नावच वाटलं. मीही कधी सुधारलं नाही.

*

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना विचारलं, "साहेब, तुमचा पहिला सिनेमा कोणता?" मिलिंद सर, म्हणजे आमचे पुण्याचे डायरेक्टर, माझं बोलणं इंग्रजीत सांगायचे आणि त्यांचं मला मराठीत.

वॉल्टर साहेब म्हणाले, "घोड्यांचा सिनेमा होता. मला घोड्यावरून पडून मरायचं होतं. इतका छान पडलो की त्याच सिनेमात मला तीनदा मारलं."

"एकाच माणसाला तीनदा?"

"टोपी बदलून!"

आम्ही पोट धरून हसलो. मग ते म्हणाले, की त्यानंतर कोणी त्यांना जिवंत ठेवलंच नाही. गोळी लागून, बुडून, विष पिऊन, एकदा तर मगरीच्या तोंडी. चाळीस वर्षं हेच. मध्यंतराच्या आत खलास!

"माझी आई गावातल्या थिएटरात प्रत्येक सिनेमाचं तिकीट काढायची," ते म्हणाले. "मी मेलो की उठून घरी जायची. तिने माझ्या एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नाही."



*

ते दुबईत आले ते याचसाठी, एकदा तरी सिनेमाच्या शेवटापर्यंत पोचायला. इथल्या एका बिल्डरने इंग्रजी सिनेमात पैसा घातला होता. वाळवंटात अख्खं गाव उभं केलं होतं, प्लास्टरचं. आमच्या युनिटला कपड्यांचं काम मिळालं होतं. त्या गोष्टीत एकेक करून सगळे मरतात आणि एक म्हातारा उरतो. शेवटी तो घराचं दार ओढून घेतो आणि रस्त्याने चालत निघून जातो. बस्स, सिनेमा संपला.

तो म्हातारा म्हणजे वॉल्टर साहेब!

भेटेल त्याला ते ही गोष्ट सांगायचे. हॉटेलच्या वेटरला, लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसाला. आमचा पेशावरचा ड्रायव्हर बशीर, त्याला तर रोजच. बशीर शेवटी म्हणाला, "साब, पूरी पिक्चर में बस इतना ही करना है? चलना?"

"हो," वॉल्टर साहेब म्हणाले. "आणि ते मला कधीच करू दिलं नाही."

*

मग दोन हजार आठ संपता संपता मंदी आली आणि सगळं बसलं. क्रेन जिथल्या तिथे थांबल्या. माझ्या मिस्टरांच्या ऑफिसात, जुमेरा लेक टॉवर्समध्ये, रोज एकेक खुर्ची रिकामी व्हायची. एक दिवस ती त्यांचीही झाली. बिल्डरचा फोन लागेना. शेवटचा सीन राहिला होता, तो राहिलाच.

वॉल्टर साहेबांकडे परतीचं तिकीट होतं. मिलिंद सरांनी खूप समजावलं, "सर, घरी जा. काही उरलं नाही इथे."

ते म्हणाले, "मी गेलो तर सिनेमा संपला. मी इथे आहे तोवर तो नुसता थांबलाय."

हॉटेलातून ते इंटरनॅशनल सिटीच्या स्वस्त वस्तीत आले, आमच्या कॅमेरामन वर्गीसच्या फ्लॅटवर, एका खोलीत. तिथून रोज सकाळी बिल्डरच्या ऑफिसला फोन करायचे. रिसेप्शनवरची मुलगी रोज म्हणायची, "नेक्स्ट मंथ, इन्शाल्ला." एक दिवस फोन तिनेही उचलला नाही. साहेब वर्गीसला म्हणाले, "बरं झालं. त्या पोरीला खोटं बोलताना फार त्रास व्हायचा."

*

पोटासाठी ते आमच्याच जाहिरातीत मरायला लागले. पहिलं काम रस्ता सुरक्षेचं. पट्टा न लावता गाडी चालवणारा म्हातारा.

सिनेमात एकदा मरायला तीन शर्ट लागतात. एक कोरा, एक रक्ताचा आणि एक रिटेकसाठी. मी ड्रॅगन मार्टच्या चिनी बाजारातून बारा दिरहमचा एक असे तीन सारखे शर्ट आणले. दीडशे-एकशे साठ रुपयांना एक! साहेब कापड चाचपून म्हणाले, "ताई, एवढ्या चांगल्या कपड्यात मी फार कमी वेळा मेलोय."

एका टेकमध्ये मेले. आम्ही टाळ्या वाजवल्या. ते उठून निघाले तसे मिलिंद सर ओरडले, "थांबा सर! कॅमेऱ्याकडे बघून हसा."

"पण मी मेलोय ना?"

"हो, म्हणूनच!"

आमच्या लाइनमध्ये ही पद्धतच आहे. ज्याने प्रेताचं काम केलं, त्याने उठून कॅमेऱ्यासमोर हसायचं आणि मगच घरी जायचं. नाहीतर ते मरण अंगाला लागतं म्हणतात. साहेबांना हे समजावून सांगितलं.

"चाळीस वर्षं," ते म्हणाले, "आमच्याकडे मला फक्त टॉवेल आणून द्यायचे."

मग हसले. इतके हसले की वर्गीसला फोकस सांभाळता येईना!

*

फुजैरा बंदरात तेलाच्या टाक्यांवर काम करणाऱ्या कामगारांसाठी आम्ही एक सेफ्टी फिल्म केली. मास्क न लावता टाकीत उतरणारा सुपरवायझर गुदमरून मरतो, अशी. सुपरवायझर कोण हे सांगायला नकोच.

साहेबांनी छातीवर हात ठेवून दोन वाक्यं म्हटली. तिथला सेफ्टी ऑफिसर लगेच पुढे आला. "सर, गॅसमध्ये माणूस बोलत नाही. तेवढा वेळच मिळत नाही."

साहेब म्हणाले, "म्हणजे जिवंतपणी संवाद नाही, आणि मरतानाही नाही!"

खरी गंमत पुढे झाली. आमची एडिटर सानिका, शारजात वाढलेली मराठी मुलगी. तिला ही हसण्याची पद्धत कोणी सांगितलीच नव्हती. तिला वाटलं, हा फिल्मचाच शेवट आहे! तिने तो शॉट तसाच ठेवला आणि सीडी गेली फुजैराला.

कामगारांच्या कॅम्पमध्ये फिल्म लागली. सुपरवायझर तडफडून मेला. सगळे चिडीचूप. मग तो उठला, कॅमेऱ्याकडे बघून खदाखदा हसला आणि फिल्म संपली! माणसांनी बाकं वाजवली. शिट्ट्या! 'फिर से लगाओ' म्हणून गलका!

सेफ्टी ऑफिसरचा फोन आला. "मास्क लावला नाही तर माणूस हसत उठतो, हे शिकवू मी यांना?"

मिलिंद सरांनी सानिकाला झाप झाप झापलं. ती म्हणाली, "But sir, he looked so happy! I thought he survives!"

कोपऱ्यात बसलेल्या वॉल्टर साहेबांनी हे ऐकलं. उठून तिच्याजवळ गेले आणि तिचा हात हातात घेतला. "माय डिअर," ते म्हणाले, "चाळीस वर्षांत असं वाटलेली तू पहिलीच एडिटर!"

*

पुढचा किस्सा सांगताना माझी जीभ जड होते, पण तोही त्यांचाच आहे.

एका दवाखान्याच्या जाहिरातीत ते आजोबा होते. या वेळी मरायचं नव्हतं, फक्त खोकायचं होतं. रिहर्सलमध्ये ते असे खोकले की मिलिंद सर म्हणाले, "वा! असंच शॉटमध्ये!"

मी शर्ट बघितला आणि भडकलेच. पांढऱ्या शर्टावर लाल डाग! मी मेकअपवाल्या दादांना म्हटलं, "अहो, रक्त कोणी लावायला सांगितलं? याच्यात मरण नाही!"

ते म्हणाले, "ताई, मी अजून डबाच उघडला नाही."

*

डॉक्टरांनी फुप्फुसाचं नाव घेतलं. फार उशीर झालाय म्हणाले. अमेरिकेहून त्यांची मुलगी त्यांना न्यायला आली. रविवारी विमान होतं. मुलगी चाळिशीची, अगदी बापासारखी हळू बोलणारी. सामान बांधताना ती मला म्हणाली, "लहानपणापासून मी डॅडीचा एकही सिनेमा पाहिला नाही. ते दर वेळी मरायचे, मला बघवायचंच नाही."

मी हे मिलिंद सरांना सांगितलं. गुरुवारी संध्याकाळी त्यांचा सगळ्यांना फोन आला. "उद्या फुजैरा. शुक्रवारची सुट्टी आहे, असू दे."

वाळवंटातलं ते प्लास्टरचं गाव केव्हाच पाडलं होतं. म्हाताऱ्याचं घर नव्हतं, ओढून घ्यायला दार नव्हतं. मिलिंद सर म्हणाले, "रस्ता तर आहे ना?"

शुक्रवारी सकाळी आम्ही समुद्राकाठच्या रस्त्यावर उभे होतो. दूर तेलाची जहाजं नांगर टाकून थांबलेली. साहेब गाडीतून उतरले तेच बशीरच्या खांद्यावर हात ठेवून. मुलगी घाबरली होती. "He can't walk," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "Please, he can't."

"मॅडम, थोडंच," मिलिंद सर म्हणाले. "मी कट म्हटलं की लगेच थांबतील."

मी साहेबांची कॉलर नीट केली. त्यांनी विचारलं, "ताई, यात करायचं काय असतं? मला फक्त मरताच येतं."

मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हटलं, "नथिंग साहेब. ओन्ली गो."

वर्गीसने कॅमेरा लावला. मिलिंद सर म्हणाले, "ॲक्शन."

साहेबांनी बशीरच्या खांद्यावरचा हात काढला आणि निघाले. आधी पाय ओढत. मग जरा बरे. मुलीने माझं मनगट घट्ट धरलं होतं. ते रस्त्याच्या वळणापाशी पोचले, तिथेच शॉट संपायचा होता. मिलिंद सरांनी 'कट' म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

साहेब वळणावरून पुढे गेले. मागे वळून बघितलं नाही. हळूहळू ते एवढेसे दिसायला लागले. वर्गीसने डोळा न काढता हलकेच सांगितलं, "सर, टेप संपली."



बशीर चाव्या घेऊन पुढे झाला. "साब को ले आऊँ?"

मिलिंद सर त्या ठिपक्याकडे बघत म्हणाले,

"थोडा और चलने दो."