घंटी वाजली की नारळ फुटायचा

त्या बाईची नखं मी विसरलेलो नाही. दहाही नखांत माती, दोन तर मुळातून तुटलेली. नोकरीत खून पाहिले, दंगली पाहिल्या. पण ही गोष्ट निघाली की डोळ्यांसमोर ती नखंच येतात.

सोयगावकडचं एक बाजाराचं गाव, आणि मी नवा फौजदार. बाजारतळावर एक सायकलवाला आला होता. सात दिवस सायकलवरून उतरायचं नाही. जेवण, अंघोळ, दाढी सगळं फिरत्या सायकलवर. शेवटच्या दिवशी स्वतःला जमिनीत गाडून घ्यायचं आणि दोन तासांनी बाहेर यायचं. तेव्हा हे खेळ गावोगाव होत. परवानगीच्या अर्जावर मीच न वाचता सही ठोकली होती.

सातव्या दिवशी सकाळी एका दुकानदाराने खबर दिली. "साहेब, त्या सायकलवाल्याच्या बाईचं लक्षण बरं नाय. नवऱ्याला गाडून ती दुसऱ्यासंगं पळणार." मी स्टेशन डायरीत नोंद घेतली. दुपारी तीच बाई धापा टाकत ठाण्यात शिरली.

"दुसरा कोण आहे?" मी दरडावलं.

"कोण दुसरा, सायेब? धनी खड्ड्यात हायेत. त्यांना काढा! मी उकराया लागले तर लोकांनी कुदळ हिसकली, हातानं उकरलं तर ओढून काढलं. म्हनत्यात, बाबानं समाधी घेतली, मोडू नको."

"दोन तास झाले?"

"एक बी नाय झाला."

"मग घाई कसली?"

ती गप्प झाली. जमादाराने टेबलावर काठी आपटली, तरी गप्प. माझा संशय पक्का झाला. मग एकाएकी ती हुंदका देऊन म्हणाली, "धन्याला खेळ शिकवला त्या उस्तादाची शपथ हाय, गुपित फोडायचं नाय; पर मोडते, सायेब. त्यांच्या बोटाला दोरी हाय, वर घंटी. दम संपला तरच वाजवायची. अकरा वर्सांत एकदा बी वाजवली नाय. आज तीनदा वाजली. आन् ती माणसं दर घंटीला नारळ फोडायलेत!"

जबाब गेला चुलीत. आम्ही चौघं पळत सुटलो.

बाजारतळावर ही गर्दी! खड्ड्यावर हार, कुंकू, अगरबत्त्या. त्या लोकांना मी दोष देत नाही. आठवडाभर त्यांनी त्याला न झोपता फिरताना पाहिलं होतं, बायकांनी तान्ही लेकरं त्याच्या पायाला लावली होती. माणसाच्यानं एवढं होतं हे त्यांना पटेना, म्हणून त्याला देव करून मोकळे झाले.

लाठी चालवली असती तर रेटारेटीत लोक खड्ड्यावरच पडले असते, आणि मातीखालच्या फळ्या मोडून तो खाली चिरडला असता. मी बूट काढले, टोपी काढली आणि मातीवर डोकं टेकलं. लोकांनीही हात जोडले. मी मोठ्यानं म्हणालो, "बाबा, बाहेर यायचं असेल तर घंटी वाजवा."

घंटी हलली नाही. मी पुन्हा ओरडलो. नाहीच.

बाई मातीवर पालथी पडली. "अवं, वाजवा की! हरलात तरी चालंल मला!"

घंटी एकदाच, जेमतेम वाजली.

"बाबाचा हुकूम झाला!" एक म्हातारा ओरडला, आणि तिची कुदळ हिसकणाऱ्यांनीच ओंजळींनी माती उपसली.

तो निघाला तेव्हा ओठ निळे पडले होते, पण श्वास होता. पाणी पाजलं. लोक रांगेनं पाया पडू लागले आणि तो पाय आखडून घेऊ लागला. बऱ्याच वेळानं त्यानं बायकोला विचारलं, "टाळ्या नाय वाजल्या?"

"नाय वो. पाया पडायलेत समदे."

त्याचा चेहरा असा उतरला की मला राहवेना. मी उभा राहिलो आणि एकट्यानंच टाळ्या वाजवायला लागलो. अंगावर वर्दी, पायात बूट नाहीत. वेडाच दिसलो असणार. मग जमादारानं वाजवल्या, मग तो म्हातारा, मग हळूहळू सगळा बाजारतळ. सायकलवाला तोंड झाकून रडला.

या प्रकरणात ना गुन्हा, ना आरोपी. पण लोकांनी त्याला देव ठरवलं तसं मी एका फुकाच्या खबरीवर त्याच्या बायकोला गुन्हेगार ठरवलं होतं, आणि तिकडे त्याचा दम संपत होता. खबर खरी असो की खोटी, समोरच्या माणसाचे हात आधी बघावेत, हे मी त्या दिवशी शिकलो.

निघताना बाई माझ्या पायाशी वाकली. मी मागं सरलो. "माफ कर, बाई. चुकलो मी."

फौजदार माफी मागतो हे तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. ती नवऱ्याकडं बघत म्हणाली, "ऐकलं का वो? सायेब चुकलो म्हनत्यात!" आणि दिवसभरात पहिल्यांदा हसली.