काचेवरची दुपटी

“मॅडम, रविवारी तुमचं सोलर काढून न्या. आम्ही गिझर बसवतोय,” डोंबिवलीतल्या सोसायटीचे सेक्रेटरी राणे फोनवर म्हणाले. “सावंत काकूंची मुलगी बाळंतपणाला आलीय. बाळाच्या आंघोळीचं पाणी गॅसवर तापवावं लागतं. मग गच्चीवर हे कशाला?”

सिस्टिम आम्हीच बसवलेली. दिवाळीपर्यंत पाणी कडक यायचं. तक्रार आल्यावर मी एका संध्याकाळी जाऊन सगळं तपासलं होतं. काच स्वच्छ, गळती नाही, पाइपात हवा अडकलेली नाही, टाकीचं आवरण शाबूत.

“थंडी पडली ना, म्हणून असेल,” राणे म्हणाले.

“थंडीने एवढा फरक पडत नाही. आकाश स्वच्छ असतं. ढगाळ दिवस जास्त वाईट.”

या सोलरचा कलेक्टर म्हणजे काचेखाली काळा पत्रा आणि त्याला जोडलेल्या तांब्याच्या नळ्या. उन्हाने पत्रा तापतो, नळ्यांतलं पाणी तापून वरच्या टाकीत चढतं. हवा गार चालते, पण ऊन थेट काचेवर पडायला हवं.

ऊन असताना काय होतं, ते मी पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी न सांगता गेले. राणे जिन्यात भेटले, तेही वर आले.

गच्चीत काच दिसतच नव्हती. दुपटी, लंगोट, गोधड्या, चादरी. सावंत काकू दुपटी उलटत होत्या.

“काकू, इथे कपडे?”

“अगं, तारेवर कबुतरं बसतात, बाळाचे कपडे घाण करतात. काचेवर मेल्यांचे पाय घसरतात. शिवाय खालून ऊब. कडकडीत वाळतात बघ.”

“आणि या चादरी?”

“त्या राणेंकडच्या.”

राणे खाकरले. “काकूंचं बघून आता सगळेच घालतात.”

“काकू, हे ऊन दुपट्यांनी घेतलं, तर उद्या बाळाचं पाणी कशाने तापणार?”

“अगं बाई! मग त्या दिवशी नाही का सांगायचं?”

“त्या दिवशी मी येईपर्यंत तुमच्या घड्या घालून झाल्या होत्या.”

कलेक्टरच्या मागे, काचेवर सावली पडणार नाही अशा जागी नवी तार बांधून घेतली. वर कबुतरांची जाळी लावली. काच मोकळी झाली.

शनिवारी सकाळी राणेंचा फोन आला. “पाणी इतकं कडक, की काकूंना विसण घ्यावं लागलं.”

“मग उद्या माणसं पाठवू?”

“छे हो, राहू दे.”

हल्ली गरम पाण्याची तक्रार आली की मी दुपारीच जाते. आणि येतेय म्हणून कळवत नाही.