वाट बघायच्या जागा

बाबा ड्युटीवर असताना सहसा फोन करत नाहीत. त्या दिवशी केला तेव्हा मी कॉलेजच्या जिन्यात होते. तास सुटला होता आणि आजूबाजूला मुलांचा गोंधळ होता, म्हणून मी एका कानात बोट घालून ऐकत होते.

"बाय गेली गो," ते म्हणाले.

 मागे कुठल्या तरी ट्रकचं इंजिन चालू होतं. 

"खुर्ची रिकामीच ठेवलीय," ते शेवटी म्हणाले. "कोनाला बसू दिली न्हाय."

बाबा जिला बाय म्हणायचे आणि मी काकी, तिच्या कादंबऱ्यांविषयी गेल्या काही आठवड्यांत जाणत्या लोकांनी लिहिलं आहे. त्यातलं सगळंच मला कळलं असं नाही. मी बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. काकीच्या पुस्तकांवर मी काही बोलावं, एवढी माझी समज नाही. पण ती लिहायला कुठे कुठे बसायची, ते मला माहीत आहे, कारण त्यातल्या पुष्कळ जागी मी तिच्यासमोर बसलेली आहे. तेवढंच लिहिते.

पूर्ण्याला गोदामांची जी रांग आहे, त्यातल्या एका गोदामाच्या गेटवर बाबा वॉचमन आहेत. गोदाम काकीच्या मुलाचं आणि त्याखालची जमीन काकीच्या सासरची, पूर्वी भाताची. आम्ही मूळचे अकलोलीच्या वरच्या पाड्यातले. बाबांना नोकरी लागली म्हणून पूर्ण्यात एका खोलीत राहायला आलो. कॉलेजातून येताना बाबांचा डबा केबिनवर पोचवायचं काम माझं असायचं. पहिल्यांदा गेले तेव्हा बाबा केबिनच्या बाहेर उन्हात उभे होते आणि आत त्यांच्या प्लास्टिकच्या खुर्चीत एक म्हातारी बाई मांडीवर परीक्षेचं पॅड घेऊन लिहीत होती. क्लिपचं, पुठ्ठ्याचं, शाळेतली मुलं नेतात तसलं. मला वाटलं, मोठ्या साहेबांनी हिशोब तपासायला पाठवलंय.

"केबिन माझी आन् उभा पन मीच," बाबा हळूच म्हणाले.

"आयकलं मी," आतून आवाज आला. "उभा राहा. वॉचमन बसलेला बरा दिसत न्हाय. आणि ही पोर कोणाची? ये गो, आत ये. डब्यावर बस."

डबा म्हणजे रंगाची मोठी रिकामी बादली, झाकण लावून पालथी घातलेली, वर गोणपाटाची घडी. मी बसले आणि पुढची जवळजवळ तीन वर्षं तिथेच बसत राहिले.

तिला घरी खोली नव्हती असं नाही. उलट, मुलाने, म्हणजे दादांनी, बंगला बांधताना आईसाठी लिहायची वेगळी खोली काढली होती. एकदा मी ती पाहिली. एसी, काचेची कपाटं, खाली वाकणारा दिवा आणि एवढं मोठं टेबल की आमच्या घरात ते ठेवलं तर आम्ही बाहेर. टेबलावर लोणच्याच्या बरण्या ओळीने मांडलेल्या.

"चांगली खोली हाय," काकी म्हणाली. "लोणचं खराब होत न्हाय."

दादांना हे लागायचं. आल्यागेल्याला ते हौसेने खोली दाखवायचे आणि बरण्या दिसल्या की त्यांचा चेहरा उतरायचा. आई मुद्दाम करते, असं त्यांना वाटायचं. मला वाटतं, ती मुद्दाम करत नव्हती. मी तिला एकदा भीत भीत विचारलंही, की इथे गाड्यांचा एवढा आवाज, धूळ, मग घरी का नाही लिहीत? ती म्हणाली, "तिथं टेबल माझी वाट बघत बसतं. मग माझे हात चालत न्हाईत. मना लागतं दुसऱ्या कशाची तरी वाट बघायला. गाडी येतेय, बस येतेय, नंबर येतोय... त्या मधल्या वेळात कोणी मना काय विचारत न्हाय."

म्हणून ती अशाच ठिकाणी लिहायची जिथे माणसं वाट बघत असतात. दवाखान्याचा बाक. एसटी स्टँड. पिठाच्या गिरणीत दळण व्हायचं असेल तेव्हा गिरणीची पायरी. सुनेने गिरणीत गडी पाठवला तर ती रुसायची. आणि केबिन, जिथे दिवसभर गाड्यांची वाट बघणं हेच काम. तिचा एक नियम होता. ज्याची वाट बघतोय ते आलं की लिहिणं थांबवायचं. वाक्य पुरं झालेलं असो वा नसो. ट्रकचा हॉर्न झाला की ती शब्दाच्या पुढे पेन टेकवायची, टोपण लावायची आणि पॅड उपडं ठेवायची. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझाच जीव वरखाली झाला. एवढे दोन शब्द तरी लिहून घ्या, म्हटलं.

"ऱ्हाऊ दे लटकत," ती म्हणाली. "उद्या कोणीतरी माझी वाट बघतंय, एवढं पुरे."

ड्रायव्हर तिला अम्मा म्हणायचे. गाडी आत सोडेपर्यंत गेटकडच्या खिडकीत डोकं घालून उभे राहायचे. एक उंच, दात किडलेला ड्रायव्हर होता, लांबून कापसाच्या गाठी घेऊन यायचा. तो म्हणायचा, "अम्मा, मेरा नाम भी डाल दो किताब में."

"डाला ना. तेरे को तीसरेच पान पे घाट में गिरा दिया मैंने."

"मर गया क्या?"

"अभी लटकेला है. आखरी पान पे देखती, तेरा क्या करने का."

तो प्रत्येक खेपेला विचारायचा, आखरी पान आया क्या? आणि ती मान हलवायची.

ती लिहायची आणि मी अभ्यास करायचे. आमच्या खोलीत टीव्ही, दोन भावंडं, आईचा धागे कापायला आणलेल्या कपड्यांचा ढीग. तिथे पुस्तक उघडायलाही जागा नव्हती. केबिनमध्ये गुडघ्याला गुडघा लागेल एवढ्या जागेत मी डब्यावर आणि ती खुर्चीत. माझ्या पाठीमागे उंचावर दुसरी एक खिडकी. मी उठून उभी राहिले की तिच्यातून गोदामाच्या कोपऱ्यातलं चिंचेचं झाड दिसायचं. त्यांच्या शेताच्या बांधावरचं ते एकच झाड राहिलेलं. काकी लिहिता लिहिता थांबायची, समोर बघायची, पुन्हा लिहायची. एकदा मी म्हटलं, काकी, तुम्ही बसा ना माझ्या जागेवर, इथे वारा येतो. ती म्हणाली, "नको. इथून मना सगळं दिसतं." मला वाटलं, झाड, बांध, जुनं शेत. तिच्यावर आलेल्या एका लेखातही तसंच लिहिलं आहे, की ती गेलेल्या शेताकडे बघत लिहीत असे. तो लेख वाचताना मीही मान हलवली होती.

शेवटच्या कादंबरीत हिरा नावाची बाई आहे. जमीन विकली गेली तेव्हा तिचा भाऊ भांडून घर सोडून गेला, आणि ती सबंध पुस्तकभर त्याची वाट बघते. काकीचे डोळे दुखायचे म्हणून लिहिलेलं मी तिला वाचून दाखवायचे. कॉलेजात वाचायची वेळ आली की माझा आवाज अर्ध्यावरच बसायचा. केबिनमध्ये तो बसत नसे.

तिचे गुडघे फार दुखायला लागले, तेव्हा मी तिला आमच्याकडे अकलोलीला नेलं, गरम पाण्याच्या कुंडावर. बसनेच. दादांची गाडी तिने नाकारली, कारण गाडीची वाट बघावी लागत नाही. पाय पाण्यात, पॅड कोरड्या पायरीवर, आणि आजूबाजूच्या बायका तिला विचारत होत्या, "काय लिवतेस गो बाय, अर्ज?" ती म्हणाली, "हां, अर्जच." परतताना वज्रेश्वरीच्या थांब्यावर मी विचारलं, हिराचा भाऊ येतो का शेवटी?

"बस येऊ दे, सांगते."

बस आली. गर्दी होती, तिला बसायला जागा मिळाली, मला नाही. सांगायचं राहून गेलं.

त्यानंतर तिच्या छातीत दुखायला लागलं म्हणून दवाखान्यात गेलो. दादा खाली गाडी लावत होते. ती बाकावर लिहीत होती, नेहमीसारखी. नंबर पुकारला. तिने पेनाला टोपण लावलं आणि पॅड माझ्या हातात दिलं. "धर. आलेच."

आतून तिला तसंच दाखल केलं. पॅड माझ्याकडेच राहिलं... वरच्या पानावर शेवटचं वाक्य होतं: 'हिराने कडी काढली आणि पाहिलं तर दारात'.

दिवसकार्य झाल्यावर दादांनी मला बंगल्यावर बोलावलं. त्याच खोलीत बसलो. बरण्या कुणीतरी हलवल्या होत्या, टेबलावर त्यांच्या बुडांचे गोल गोल डाग होते. ते म्हणाले, वर्षाच्या आत पुस्तक काढायचंय, छापणाऱ्याशी बोलणं झालंय. "चार ओळींचा प्रश्न आहे. तू रोज असायचीस तिच्याबरोबर. तूच लिही. भाऊ आला, भेट झाली... संपवून टाक."  ते टेबलावरचा एक डाग अंगठ्याने पुसत राहिले. मग एकदम आवाज उतरला त्यांचा. "तुला तर सांगितलं असेल तिने. दारात कोण होतं गं?"

एवढा मोठा माणूस, पण त्या क्षणी मला त्यांची फार दया आली. आणि माझी स्वतःचीही. कारण मलाही सांगितलं नव्हतं.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. घरी, वाचनालयात, कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये. भाऊ आणला. भावाचा मुलगा आणला. कुणीच नाही, नुसता वारा, असंही लिहून पाहिलं. सगळं खोटं वाटायचं. वाचून दाखवायला समोर कुणी नव्हतं. इतक्या माणसांच्या गावात बसायला जागा नाही, हे मला तिच्याआधीही माहीत होतं. ती गेल्यावर ते जास्त कळलं.

मागच्या आठवड्यात पॅड घेऊन केबिनवर गेले. बाबांचा डबा ठेवला आणि सवयीने पालथ्या बादलीवर बसायला लागले.

"खुर्चीत बस ना," बाबा म्हणाले.

"तुम्ही तर कुणाला बसू देत नाही."

"तू कोन परकी हायस का?"

मी बसले. समोर बघितलं. खिडकी उंच आहे. खुर्चीत बसल्यावर तिच्यातून गोदामाच्या निळ्या पत्र्याची एक पट्टी दिसते, बस. झाड दिसत नाही, बांध दिसत नाही. मी थोडी सरकले, मान उंचावली, तरी नाही. खुर्चीतून दिसतो तो समोरचा डबा, गोणपाटाची घडी आणि त्यावर बसणारं जे कुणी असेल ते...

बराच वेळ मी तशीच बसून होते. मग हॉर्न झाला. बाबा डबा खात होते, म्हणून मीच उठून गेट उघडलं. दारात तोच उंच ड्रायव्हर होता. कितीतरी दिवसांनी आला होता, त्याला काही माहीत नव्हतं. गाडी आत घेऊन तो उतरला आणि गेटकडच्या खिडकीत डोकं घालून म्हणाला, "अम्मा किधर? आखरी पान हुआ?"

मी सांगितलं. त्याने डोक्यावरचा रुमाल काढला. आत यायला निघाला, पण खुर्चीकडे बघून दारातच थांबला. मी म्हटलं, बैठो, आणि तो डब्यावर बसला, पाय कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखा.

"और मेरा क्या हुआ?" त्याने हळू विचारलं.

"नहीं हुआ. अधूरा रह गया."

 "मतलब, अभी लटकेला हूँ."

"हाँ."

"चलेगा," तो म्हणाला, आणि डोळे पुसले.

संध्याकाळी मी दादांना फोन करून सांगितलं की वाक्य आहे तसंच छापा. ते म्हणाले, लोकांना वाटेल पान गळालं. मी म्हटलं, वाटू दे.  छापतील की नाही, मला माहीत नाही. पण पॅड त्यांनी परत मागितलं नाही. माझी परीक्षा जवळ आली आहे. कॉलेज सुटलं की केबिनवर जाते, खुर्चीत बसते. बाबा दारात उभे असतात. डबा मी समोरच ठेवला आहे, गोणपाटाची घडी झटकून.